शेव्हरोले कॅमेरो एसएस (२०१६ ते २०२४): वापरलेली घ्यायची तर कोणती?

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या कारखान्यात कॅमेरो या स्पोर्ट्स कारचं उत्पादन थांबलं, त्यामुळे आता मिळेल ती वापरलेलीच. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी आली नाही. पण अमेरिकेत राहणारं कोणी फोर्ड मस्टँग, डॉज चॅलेंजर आणि कॅमेरो यांत अडकलं असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: वळणावर तिघींत सरस हीच. तरीही या पिढीत सगळ्यात कमी खपली तीही हीच, आणि त्याचा बराचसा दोष तिच्या रूपाकडे जातो.

२०१० चं मॉडेल म्हणून परतलेल्या कॅमेरोने १९६९ च्या मॉडेलचा चेहरामोहरा उचलला. फरक चाकांचा होता. १९६९ मध्ये १४ इंची चाकं सर्रास असत. आता ताकदवान इंजिनाच्या एसएस आवृत्तीला २० इंची आहेत. एवढं चाक शोभायचं तर दाराचा पत्रा उंच हवा, आणि छप्पर मात्र जुन्यासारखंच बसकं ठेवायचं. मग काचेला उरते ती फट. २०१६ च्या सहाव्या पिढीने कॅडिलॅक एटीएसचा हलका सांगाडा घेतला, वजन नव्वदएक किलोंनी उतरवलं, पण ही फट तशीच ठेवली. मागच्या कोपऱ्यातलं जवळपास काहीच दिसत नाही. सीट थोडी वर घ्या आणि बाजूचे आरसे स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत बाहेर वळवा. निम्मा त्रास कमी होतो. कोपऱ्यातल्या गाडीची सूचना देणारी यंत्रणा असलेली २एसएस (एसएसचीच जास्त सुविधांची आवृत्ती) मिळाली तर तीच घ्या. डिकीत ९.१ घनफूट जागा आहे खरी, पण तोंड इतकं अरुंद की मोठी बॅग आडवी-तिडवी करूनही आत जात नाही.

आतली एक गोष्ट मात्र मनापासून आवडते: एसीच्या झरोक्यांभोवतालची कडी फिरवली की तापमान आणि पंखा बदलतो. वेगळी बटणं शोधावी लागत नाहीत.

२०१९ ची एसएस शक्यतो टाळा. त्या वर्षी पुढच्या जाळीच्या मधोमध रुंद काळी पट्टी आली आणि चेहराच हरवला. ओरड इतकी झाली की २०२० मध्ये पट्टी गाडीच्या रंगाची करून बोधचिन्ह वरच्या जाळीत हलवावं लागलं. २०१४ मध्ये अमेरिकेत ८६ हजारांवर खपलेली कॅमेरो २०२१ मध्ये २२ हजारांच्याही खाली आली, त्याला एवढी एक पट्टी कारणीभूत नव्हती. पण जुने चाहते दुखावले ते तिथे.

इंजिन ६.२ लिटरचं एलटी१ व्ही८ (आठ सिलिंडरचं), ४५५ अश्वशक्तीचं. गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअलच घ्या, आणि हे केवळ हौसेपोटी सांगत नाही. ऑटोमॅटिकमध्ये हलक्या भाराला चार सिलिंडर बंद होतात. त्यासाठीचे खास लिफ्टर (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) अडकले की टकटक सुरू होते आणि पुढे लिफ्टर हलवणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, खराब होतो. मॅन्युअलमध्ये ही भानगड नाही. ऑटोमॅटिकच हवी असेल तर रात्रभर उभी असलेली गाडी स्वतः सुरू करून आवाज ऐका. २०१६-१८ च्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये एकसारख्या वेगात हलका ॲक्सिलरेटर दिल्यावर खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते का, तेही पाहा. मूळचं गिअर ऑइल ओलावा शोषतं आणि टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचा) क्लच अडखळतो. नव्या प्रकारच्या मोबिल १ एलव्ही एटीएफ एचपी ऑइलने पूर्ण फ्लश करावं लागतं. नुसतं खालून ऑइल काढलं तर कन्व्हर्टरमधलं जुनं तसंच राहतं.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत सोडणाऱ्या झडपा) धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचते. ऑइलची वाफ अडवणारा कॅच कॅन बसवणं फायद्याचं. आणि मूळचे उन्हाळी टायर असतील तर गोठणाऱ्या थंडीत गाडी हलवू नका. पकड जातेच, कडाक्याच्या थंडीत रबराला चिराही पडतात.

१९६९ च्या व्ही८ मध्ये डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपणावर सरकणारी छोटी खिडकी होती. इंजिन चालू ठेवून तिच्यातून १/८ इंची ॲलन की घालायची, इंजिन अडखळेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवायची, मग अर्धा फेरा उलट. पॉइंट्स (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) जुळले! सोळा वर्षांच्या पोराला शनिवारी दुपारी जमणारं काम. गाडीभोवती माणसं जमत ती या खिडकीसारख्या गोष्टींमुळे. डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ऑगस्टमध्ये हजारो जुन्या गाड्या आजही फिरतात, पण नव्या एसएसमध्ये साध्या बदलालाही संगणकाचं ट्यूनिंग लागतं.

पाहण्यातली त्रुटी सोसायची तयारी असेल तर २०१६ ते १८ किंवा २०२० नंतरची मॅन्युअल एसएस घ्या. ट्रॅकवर पळवण्यासाठीच्या १एलई पॅकेजची मिळाली तर भाव थोडा जास्त द्या: पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं) आणि मॅग्नेटिक सस्पेन्शन (क्षणात कडक-मऊ होणारं) हे सगळं तिच्यात कारखान्यातूनच येतं.