कुंडीतली चिलटं: कोणता उपाय पैसे वसूल, कोणता नुसता दिखाऊ

कुंडीला हात लागला की मातीतून चार-दोन काळी चिलटं उडतात, चहाच्या कपाभोवती, कधी थेट नाकाशी घोटाळतात. मग माणूस चिडून जे विकत आणतो ते उडणारं चिलट मारण्यासाठी. पैसे वाया जायला सुरुवात होते ती इथेच. कुंडीतल्या या चिलटाला फंगस नॅट म्हणतात; उडणारं चिलट आठवडा-दहा दिवस जगतं, चावत नाही, पानांना काही करत नाही. पण तेवढ्या अवधीत एक मादी मातीच्या वरच्या ओल्या थरात शंभर-दोनशे अंडी घालून जाते. खरं दुखणं त्या थरात आहे: पारदर्शक पांढरट, चकचकीत काळ्या डोक्याची, पाचेक मिलिमीटर लांबीची अळी. बुरशी आणि कुजका पालापाचोळा हे तिचं मुख्य खाणं. संख्या वाढली की मात्र ती तंतुमुळं कुरतडते आणि त्या जखमांतून मुळकूज शिरते. जुन्या, दणकट मनी प्लांटला याचं फारसं काही वाटत नाही. बियांतून नुकतं वर आलेलं रोप किंवा ताजं कटिंग यातून सहसा वाचत नाही.

म्हणून खालची उत्पादनं दोनच कसोट्यांवर पाहिली आहेत. औषध अळीपर्यंत पोचतं का? आणि ते पुन्हा पुन्हा देत पूर्ण पिढी संपेपर्यंत चालवता येतं का? अंड्यापासून चिलटापर्यंतचा प्रवास २४ अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण अडीच ते चार आठवड्यांचा असतो, थंडीत आणखी लांबतो. अंडी आणि कोश यांवर घरगुती वापरातलं जवळपास काहीच चालत नाही. ‘एका वापरात खात्रीशीर’ असं डब्यावर लिहिलेलं असेल, तर तो डबा तिथेच ठेवावा.

खरेदी काय करायची ते आधीच सांगून टाकतो: बीटीआयचा (अळ्या मारणाऱ्या एका जिवाणूचं औषध) एक डबा आणि पिवळ्या चिकट सापळ्यांचं एक पाकीट. बाकी सगळं अपवादासाठी.

आधी ओळख पटवा

फळांवर घोंगावणारी चिलटं ठेंगणी, तपकिरी आणि बहुधा लाल डोळ्यांची असतात. मोरीतल्या माशीचे पंख केसाळ असतात, बसली की ती इवल्याशा पतंगासारखी दिसते. पांढरी माशी पानाच्या मागे सापडते. फंगस नॅट मात्र दोन ते चार मिलिमीटरची, काळसर, लांब पायांची, अंगानं डासासारखी. उडणं ढिलं, आणि उडण्यापेक्षा मातीवरून तुरुतुरु पळणंच जास्त.

शंका असेल तर कच्च्या बटाट्याची अर्ध्या सेंटिमीटरची चकती ओल्या मातीवर दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. अळ्या असतील तर चकतीच्या खालच्या अंगाला आणि तिच्याखालच्या मातीत काळ्या टाचणीच्या डोक्यासारखे ठिपके हलताना दिसतात. किती कुंड्यांना लागण झाली आहे ते यातून कळतं, आणि औषधाची मात्रा त्यावरच ठरते. चाचणी झाली की चकती काढून टाका, नाहीतर तीच कुजून चिलटांना खाणं पुरवते.

पिवळे चिकट सापळे: औषध नव्हे, मोजपट्टी

पिवळ्या रंगाकडे चिलटं खेचली जातात, चिकटतात, मरतात. दोन दिवसांत कार्ड काळं झालेलं पाहून समाधानही वाटतं. पण चिकटलेल्या माद्यांपैकी बऱ्याच जणींची अंडी तोवर घालून झालेली असतात. नुसत्या सापळ्यांवर कुंडी स्वच्छ झाली, असं क्वचितच होतं.

तरीही ते घ्यावेत, कारण औषध लागू पडतंय की नाही हे सांगणारं दुसरं काही नाही. कार्डाच्या मागे तारीख लिहा, आठवड्याला चिलटं मोजा, कार्ड बदला. पंधरा-वीस सेंटिमीटरच्या कुंडीला एक छोटं कार्ड पुरतं. कार्ड झाडाच्या शेंड्याशी टांगू नका. ही चिलटं मातीलगत वावरतात, त्यामुळे कार्ड मातीपासून दोन-पाच सेंटिमीटरवर, शक्यतो आडवं ठेवलं तर जास्त सापडतात. फुलपाखराच्या आकाराची, काडीवर खोचायची कार्डं दिसायला छान, पण त्यांचा अर्धा पृष्ठभाग उंचावर फुकट जातो. मोठं साधं कार्ड आणून कात्रीनं तुकडे करणं जास्त फायद्याचं. निळे सापळे मुख्यतः फुलकिड्यांसाठी असतात, रंग पाहूनच उचला. गोंद पानांना आणि मांजराच्या केसांनाही तितकाच चिकटतो.

बीटीआय: याच्यावर पैसे घाला

बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा मातीतला जिवाणू १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. त्याच्यात प्रथिनांचे स्फटिक असतात. अळीनं ते खाल्ले की तिच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याचं अस्तर फाडतात. डास, काळ्या माश्या आणि चिलटांच्या अळ्यांवर हे चालतं. माणसं, मांजरं, मासे, गांडुळं यांना त्याचा त्रास होत नाही. घरातल्या कुंड्यांसाठी याहून निवडक औषध मिळणं अवघड आहे.

खरेदी करताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली नावाची. याच जिवाणूचा ‘कुर्स्टाकी’ हा प्रकार पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी विकला जातो आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत फक्त ‘बीटी’ लिहिलेलं असतं. तो चिलटांवर चालत नाही. बारीक अक्षरांत ‘इस्रायलेन्सिस’ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी मात्रेची. बीटीआय मुळात डासांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे लेबलवर डासांची मात्रा ठळक असते. साठलेल्या पाण्यातल्या डासाला जेवढं पुरतं त्यापेक्षा मातीतल्या चिलटाला बरंच जास्त लागतं. ‘बीटीआय दिलं, काही झालं नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

दाणेदार प्रकारात मॉस्क्विटो बिट्स सर्वांत जास्त वापरात आहे. मक्याच्या कणसाच्या भुशाचे दाणे आणि त्यांवर जिवाणूचा लेप. चिलटांसाठी लेबलवरची मात्रा एका अमेरिकी गॅलनला, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाण्याला, चार मोठे चमचे. सोप्या हिशेबात लिटरला एक मोठा सपाट चमचा. दाणे अर्धा तास भिजवा, मधूनमधून ढवळा, पाणी पिवळसर गढूळ झालं की फडक्यातून गाळून घ्या. हे पाणी नेहमीच्या पाण्याच्या जागी द्यायचं, वरचा पाच सेंटिमीटरचा थर सगळीकडून भिजेल इतकं. शेतकरी ज्याला आळवणी म्हणतात, तेच हे. कडेनं घालून मध्यभाग कोरडा ठेवला तर अळ्या मध्यात सुखानं जगतात.

गाळणं टाळू नका. दाणे मातीवर तसेच टाकायलाही लेबल परवानगी देतं, पण बंद खोलीत, ओल्या मातीवर, चार दिवसांत त्यांना पांढरी बुरशी धरते. बुरशी हेच चिलटांचं खाणं, तेव्हा औषधासोबत आपण जेवणही वाढतो. पाणी भिजवल्या दिवशीच संपवा आणि आळवणी संध्याकाळी करा, कारण उन्हात जिवाणूचा प्रभाव लवकर उतरतो.

अगदी कडक वाळलेल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) आळवणी केली तर पाणी कुंडीच्या कडेनं सरळ खाली बशीत उतरतं. तिथे आधी थोडं साधं पाणी शिंपडून पंधरा मिनिटं थांबा, मग औषध द्या.

आठवड्याला एकदा, सलग तीन वेळा, असं लेबल सांगतं. चौथी आणि शक्य तर पाचवी आळवणीही करावी. बीटीआय मातीत वाढत नाही, काही दिवसांत निष्प्रभ होतं, आणि कोशात जाण्याच्या बेतात असलेली मोठी अळी खाणं थांबवत असल्यानं ती वाचते. त्यामुळे पहिल्या आळवणीनंतर दहा-बारा दिवस चिलटं दिसत राहणारच, ती आधीच्या कोशांतली असतात. याच टप्प्यावर बहुतेक जण औषध बदलतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. कार्डावरचा आकडा साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ठळकपणे उतरायला हवा. उतरला नाही, तर एखादी कुंडी औषधातून सुटली आहे असं समजा. एकाच दिवशी सगळ्या कुंड्या घ्या, कपाटावरची विसरलेली आणि झाड मेलेली रिकामी कुंडीसुद्धा.

वडीच्या रूपातली बीटीआय साठलेल्या पाण्यात महिनाभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. कुंड्यांसाठी ती चुरून रात्रभर भिजवावी लागते. चालते, पण दाण्यांइतकी झटपट नाही. द्रवरूप मिळालं तर गाळायची कटकट वाचते, मात्र मात्रा त्याच बाटलीवरची घ्या, दाण्यांची नको.

निंबोळी तेल

लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि मिलीभर-दोन मिली सौम्य द्रवसाबण, चांगलं घुसळून आळवणी. काम करतो तो त्यातला अॅझाडिरॅक्टिन, जो अळीचं कात टाकणं बिघडवतो. गोम अशी की पारदर्शक, वास काढलेलं जे ‘शुद्ध’ निंबोळी तेल मिळतं त्यातून अॅझाडिरॅक्टिन बहुतांशी काढून घेतलेलं असतं. पानांवरच्या किडींना त्याचा तेलकट थर गुदमरवतो, मातीतल्या अळीला काहीच होत नाही. लेबलवर अॅझाडिरॅक्टिनचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) छापलेलं असेल तरच घ्या आणि पाण्यात मिसळलेलं त्याच दिवशी वापरा. बीटीआयपेक्षा संथ, शिवाय खोलीत दोन दिवस वास. निंबोळी पेंड मात्र घरातल्या कुंडीच्या वरच्या थरात नको, ओली राहिली की तिलाही बुरशी येते.

हायड्रोजन पेरॉक्साइड

३ टक्क्यांची बाटली, एक भाग त्याला चार भाग पाणी. मातीत फसफस होते, ज्या अळ्यांना स्पर्श होतो त्या मरतात, आणि थोड्या वेळात उरतं ते पाणी आणि ऑक्सिजन. म्हणजे दुसऱ्या दिवशी फुटलेल्या अंड्यांवर त्याचा शून्य परिणाम. लागण फार असेल तर सुरुवातीला एकदा संख्या खाली आणायला ठीक. दर आठवड्याला वापरलं तर मातीतले उपयोगी जिवाणूही मरतात आणि कोवळी मुळं भाजतात. बीटीआय किंवा सूत्रकृमींसोबत (अळ्या मारणारे सूक्ष्म जंत, पुढे पाहा) एकाच दिवशी कधीही देऊ नका. ३५ टक्क्यांचं द्रावण घरात आणूच नये, त्वचा जळते.

सूत्रकृमी

स्टायनरनेमा फेल्टिए हे मिलिमीटरहूनही लहान सूत्रकृमी अळीत शिरतात, आपल्या पोटातले जिवाणू तिथे सोडतात आणि एक-दोन दिवसांत अळी मरते. मिळाले आणि जिवंत मिळाले तर उत्तम. अडचण त्या ‘जिवंत’ शब्दातच आहे. पाकीट थंड साखळीतून यायला हवं, घरी फ्रिजमध्ये राहायला हवं आणि लवकर संपवायला हवं. वापरण्याआधी चिमूटभर पाण्यात सोडून भिंगातून पाहा, वळवळ दिसली नाही तर परत करा. माती १० ते २५ अंशांच्या दरम्यान हवी. तिशीपलीकडच्या उन्हाळ्यात पैसे पाण्यात. दिल्यानंतर पंधरा दिवस माती ओलसर ठेवावी लागते, त्यामुळे पाण्याचा ताण देण्याच्या, म्हणजे वरची माती सुकू देण्याच्या उपायाशी यांचं जमत नाही. फर्न, कॅलेथिया यांसारख्या ताण न सोसणाऱ्या झाडांना मात्र हे अगदी योग्य.

वाळू, पावडरी आणि बाकीचं

जाड वाळूचा दीड सेंटिमीटर थर माद्यांना अडवतो, पण तो कोरडा असेपर्यंतच. शिवाय चिलटं खालच्या निचऱ्याच्या छिद्रांतूनही ये-जा करतात, आणि वाळूखाली माती ओली आहे की सुकी हे कळेनासं झाल्यानं पाणी जास्त पडतं. डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची पूड) ओलं झालं की निकामी, कोरडं उडालं की फुप्फुसात. दालचिनीची पूड, कॉफीचा चोथा यांवर वेळ घालवू नका, चोथा तर उलट बुरशी वाढवतो. व्हिनेगरचं भांडं फळांवरच्या चिलटांसाठी चांगलं, इथे जेमतेम. जांभळ्या प्रकाशाचे प्लगमधले सापळे रात्री बरीच चिलटं पकडतात, म्हणजे महागडं पिवळं कार्डच. पिंग्विक्युला या कीटकभक्षी झाडाची चिकट पानं चिलटं धरतात. झाड हौसेसाठी घ्या, उपाय म्हणून नको.

पाणी आणि पिशवीतली माती

वरचा तीन-पाच सेंटिमीटरचा थर सुकू दिला की अंडी आणि लहान अळ्या तिथेच वाळतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहा, ओल लागली तर पाणी नाही. खालून पाणी द्यायचं असेल तर कुंडी वीस-तीस मिनिटं पाण्यात ठेवून निथळून घ्या आणि बशीत उरलेलं ओतून टाका. सतत भरलेली बशी असेल तर बीटीआयसुद्धा हरतं. कुंडी बदलून प्रश्न सुटेल ही आशाही ठेवू नका, मुळांच्या गड्ड्याबरोबर अळ्या नव्या कुंडीत जातात.

कित्येकदा लागण येते ती विकतच्या मिश्रणातूनच, विशेषतः फाटकी, ओलसर, उघड्यावर रचलेली पिशवी असेल तर. नवी पिशवी आणली की दोन मुठी मिश्रण झाकणाच्या बरणीत ओलं करा, झाकणाच्या आतून पिवळ्या कार्डाचा तुकडा लावा आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवा; कार्डावर चिलटं चिकटली तर मिश्रणात लागण आहे. तेवढं थांबायचं नसेल तर मिश्रणावर उकळतं पाणी ओता, झाकून निवू द्या, आणि पूर्ण निथळून वाफसा आल्यावरच (ओलसर पण चिखल नाही अशी झाल्यावरच) कुंडी भरा. उरलेली पिशवी तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा.