बाबांची पुस्तकं इथे दिली, आणि बरं केलं

आमची कोथरूडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा बाबांच्या साडेतीनशे पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न आला, रद्दीवाला किलोवर न्यायला तयार होता पण माझा हातच उठेना. आधी एकदा दुसऱ्या एका ठिकाणी दोन खोकी दिली होती, नाव घेत नाही, वर्षाने सहज गेले तर खोकी जिन्याखाली तशीच पडलेली आणि आत कसर लागलेली. म्हणून यावेळी दहा जणांना विचारून मग कर्वेनगरच्या या पुस्तकदान केंद्रात गेले.

पहिली गोष्ट म्हणजे हे लोक सरसकट घेत नाहीत. तिथल्या ताईंनी टेबलावर सगळी पुस्तकं काढून एकेक बघितलं आणि जवळजवळ शंभर परत दिली. तेव्हा वाईट वाटलं खरं, पण कारण पटलं. शाळेची जुनी पाठ्यपुस्तकं नकोत, कारण झेडपीच्या शाळेत पहिली ते आठवीला पुस्तकं सरकारकडनं फुकटच मिळतात आणि बालभारतीचा अभ्यासक्रम बदलला की जुनी तशीही उपयोगाची नाहीत. गाईड, जुन्या एमपीएससीच्या नोट्स, कसर लागलेलं काहीही नको, कारण एका पुस्तकाची कीड अख्ख्या पेटीला लागते.

मग त्या म्हणाल्या की मोठ्यांच्या कादंबऱ्या गावातल्या वाचनालयात जातील, पण शाळांसाठी खरी टंचाई आहे ती पहिली-दुसरीच्या मुलांना वाचता येतील अशा पातळ, मोठ्या अक्षरांच्या मराठी पुस्तकांची. पुण्यातल्या घरांतनं मुलांची पुस्तकं येतात ती बहुतेक इंग्लिश, आणि ज्या शाळांना पाठवायची त्या मराठी माध्यमाच्या. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकात जाऊन वीस नवी पुस्तकं घेतली आणि नेऊन दिली.

पत्र्याच्या पेटीत साठ-सत्तर पुस्तकं आणि एक वही, तीन महिने एका शाळेत, मग पेटी पुढच्या शाळेत, असं यांचं चालतं. मी त्यांच्याबरोबर पानशेतच्या पुढच्या एका शाळेत जाऊन आले. मुलं पुस्तक घरी नेतात, वहीत नाव स्वतः लिहितात, आणि तिसरीतल्या एका मुलीने तेच पुस्तक चारदा नेलेलं दिसलं, विचारलं तर म्हणे आजीला वाचून दाखवते, आजीला ते आवडतं. मला तिथेच भरून आलं. सर म्हणाले फाटलं तर आम्ही चिकटवतो, पण कपाटात कुलूप लावून ठेवत नाही.

आता त्रास. फोन पटकन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला दोन दिवसांनी उत्तर येतं. पन्नासच्या खाली पुस्तकं असतील तर घरी न्यायला येत नाहीत, आणि रविवारी बंद, नोकरी करणाऱ्याने कधी जायचं? १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास तर जाऊच नका, तेव्हा सगळे एकदम आणून टाकतात आणि ताईंना चाळायला वेळ नसतो, त्यापेक्षा जूनमधे शाळा सुरू होताना द्या. खोकी लहान घ्या, पुस्तकांचं मोठं खोकं दोघांनाही उचलत नाही.

बाबांच्या प्रत्येक पुस्तकावर पहिल्या पानावर त्यांचं नाव आणि घेतल्याची तारीख आहे, ते पान फाडायचं का विचारलं तर ताई म्हणाल्या राहू दे, मुलं वाचतात ते पण. माझ्याकडे अजून जुन्या दिवाळी अंकांची एक पेटी आहे, ते घेतात का विचारायचं राहिलं, कोणी दिले असतील तर सांगा.