विद्यापीठाचा 'इंडस्ट्री सीड फंड' घ्यावा का? माझ्याकडून ५ पैकी ३

आमच्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, नोकरी करायचीय अजून. नवी मुंबईतलं खाजगी विद्यापीठ एवढं पुरे. इथे प्राध्यापकांना कंपन्यांबरोबर काम सुरू करायला आतला फंड मिळतो, बाहेरच्या सरकारी ग्रँटची वाट बघायची गरज नाही, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी अर्ज मागवणारा कॉल आला की तोच प्रश्न येतो, 'कोणी घेतलाय का, वर्थ आहे का?' मी घेतलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी थेट सांगते. कंपनीतला एक तरी माणूस तुमचा फोन उचलतो असं असेल तर डोळे मिटून घ्या. फंडामुळे कंपनी मिळेल अशी आशा असेल तर फॉर्म डाउनलोडसुद्धा करू नका.

योजना अशी की एका प्रोजेक्टला ३ लाखांपर्यंत, दोन हप्त्यांत, कंपनीने २५ टक्के घालायचे, रोख किंवा 'इन काइंड', म्हणजे माल, मशीनचा वेळ, माणूस वगैरे. सोबत कंपनीचं लेटरहेडवरचं पत्र, सही-शिक्क्यासकट. कागदावर वाईट काहीच नाही, उलट केंद्राच्या उच्चतर आविष्कार योजनेत इंडस्ट्रीचा वाटा २५ टक्केच होता, तिथूनच उचललं असणार. खरी गंमत हेड्समधे, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदरांत आहे. उपकरणं, केमिकल्स, टेस्टिंग, काँटिन्जन्सी, आणि शेवटी प्रवास, कमाल १० हजार. म्हणजे जी गोष्ट केल्याशिवाय पार्टनरशिप होतच नाही, परत परत कंपनीत जाऊन बसणं, तिला सगळ्यात कमी पैसे. त्यातही रबाळे स्टेशनवरून एमआयडीसीत शेअर रिक्षाने जायचं तर बिल कोण देणार? फायनान्सला बिल हवं. ओला-उबरची पावती चालते, शेअर रिक्षा चालत नाही, म्हणजे महाग जा पण कागद आणा. सेल्फ व्हाउचर, म्हणजे आपणच खर्च लिहून सही केलेला कागद, चालतं असं नंतर कळलं, ते कोणी आपणहून सांगत नाही, मागायचं.

कंपनी कुठून आणायची? विद्यापीठाच्या इंडस्ट्री सेलमधे गेले तर एमओयूंची, म्हणजे कंपन्यांशी केलेल्या सामंजस्य करारांची यादी हातात दिली. भिंतीवर फ्रेम्स आहेतच, शाल, श्रीफळ, दोन फाइली, हसरे चेहरे. यादीतल्या कंपन्यांना फोन लावले तर एकीकडे सही करणारे एचआर साहेब नोकरी सोडून गेलेले आणि दुसरीकडे 'तो इंटर्नशिपचा एमओयू होता मॅडम, रिसर्चचं आमच्याकडे काही नाही.' यात सेलच्या मुलांचा दोष नाही हो. नॅकमधे, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या तपासणीत, चालू एमओयू किती, कन्सल्टन्सीतून कमाई किती हे विचारत आलेत, एनआयआरएफ या सरकारी रँकिंगमधेही प्रोजेक्ट आणि कन्सल्टन्सीच्या रकमेला मार्क आहेत, मग आकडा मोठा दिसेल असंच काम होणार. पण ठाणे-बेलापूर रोडच्या कडेने दिघ्यापासून तुर्भे-नेरुळपर्यंत टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) नावाची एवढी एमआयडीसी पसरलीय, फार्मा, केमिकल, इंजिनिअरिंग, काय नाही तिथे, आणि आम्ही दुसऱ्या राज्यातल्या कंपनीबरोबर झूमवर एमओयू करतो, हे मला झेपत नाही.

माझी कंपनी मिळाली एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने. रबाळ्याचं छोटं प्लेटिंग युनिट, धातूवर निकेल-क्रोमचा मुलामा देणारं, मालक स्वतः शॉपफ्लोअरवर उभे असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डोक्यात ॲडसॉर्बंट होता, सांडपाण्यातलं विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम शोषून घेणारा पदार्थ, दोन पेपर सहज निघाले असते. मालकांनी पूर्ण ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, पाणी माझं पास होतं. पेपर तुम्ही काढा, पण गाळाचं बिल मी भरतो, त्याचं काही बघता का?"

मग त्यांनी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट दाखवला. क्रोमचं धुण्याचं पाणी पिवळं जर्द येतं. ॲसिड टाकून पीएच २-३ वर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे विषारी हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट होतं आणि पाणी हिरवट होतं, मग चुना टाकून पीएच साडेआठच्या आसपास न्यायचा की क्रोमियम हायड्रॉक्साइड खाली बसतं. पुस्तकात आहे तसंच. फरक एवढाच की इथे मेटाबायसल्फाइट टाकणारे मामा मगाने टाकतात, रंग पिवळ्याचा हिरवा झाला की थांबतात, आणि मग 'सेफ्टीला' अजून दोन मग. नाकात झणझणीत सल्फर डायऑक्साइड जातो, मामा मान फिरवतात, बस. त्यांचंही चूक नाही, डिस्चार्जला हेक्साव्हॅलंटची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, सॅम्पल फेल गेलं तर नोटीस मालकाला आणि शिव्या मामांना. पण तो जास्तीचा सल्फाइट पुढे चुन्याबरोबर कॅल्शियमचा गाळ करतो, फिल्टर प्रेसमधून निघणारे गाळाचे केक वाढतात, आणि हा गाळ हॅझर्डस म्हणून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या साईटला जातो, वजनावर पैसे. म्हणजे त्या जास्तीच्या दोन मगांचं बिल मालक तळोज्यात भरत होते.

यावर उपाय जुनाच आहे. ओआरपीचा प्रोब टाकायचा, म्हणजे रासायनिक क्रिया पुरी झाली का ते व्होल्टेजवरून दाखवणारा सेन्सर, रीडिंग २५०-३०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात आलं की डोसिंग पंप बंद. शिवाय थोडा चुना कमी करून कॉस्टिक सोडा वापरून बघायचं, कॉस्टिक महाग पण गाळ कमी करतो, फक्त बसायला वेळ लावतो, तर कुठलं प्रमाण परवडतं ते ट्रायल घेऊनच कळणार.

हे घेऊन कमिटीपुढे गेले. पहिला प्रश्न, "यात नॉव्हेल्टी काय?" दुसरा, "नॅनो काही घालता येईल का?" खरंच विचारलं. फंडाच्या नावात इंडस्ट्री आणि मार्क पेपरच्या हिशोबाने, हा या योजनेचा सगळ्यात मोठा घोळ आहे असं माझं स्पष्ट मत. वाचवलं बाहेरून आलेल्या एका सरांनी, आयुष्य केमिकल कंपन्यांत गेलेलं, त्यांनी एवढंच विचारलं की गाळाचं महिन्याचं बिल किती आणि मालक ते बिल दाखवायला तयार आहे का. मी झेरॉक्स पुढे ठेवली. त्या एका कागदावर फंड मिळाला, माझ्या पीपीटीवर नाही. माटुंग्याच्या आयसीटी या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेचं, म्हणजे १९३३ सालच्या जुन्या यूडीसीटीचं उदाहरण आमच्याकडे प्रत्येक भाषणात येतं, तिथले केमिकल इंजिनिअरिंगचे प्रा. एम. एम. शर्मा यांचं नावही येतं, पण तिथले मास्तर कारखान्यांच्या अशाच अडचणी सोडवत मोठे झाले हे कमिटीत बसल्यावर कोणाला आठवत नाही.

आता खरेदी. तीन कोटेशन, कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव त्याचाच माल. क्रोमच्या आम्लात टिकायला डबल जंक्शन इलेक्ट्रोडचा, म्हणजे आत दुहेरी संरक्षण असलेला प्रोब हवा, मी तसं लिहून दिलं होतं, स्टोअरला सगळे प्रोब सारखे, स्वस्तातला सिंगल जंक्शन आला. थोड्या दिवसांत रीडिंग वाट्टेल तसं हलायला लागलं आणि मामा परत मगावर गेले. शेवटी मालकांनी वैतागून स्वतःच्या पैशाने चांगला प्रोब आणला, आणि फायनान्सने तो तातडीने त्यांच्या २५ टक्क्यांत धरला. इतक्या झटपट या ऑफिसात दुसरं काही झालेलं मला आठवत नाही.

कागदपत्रांत दोन गोष्टी जास्त डोकं खातात. एक आयपी, म्हणजे शोधाची मालकी. आमचा टेम्प्लेट म्हणतो की जे काही निघेल ते विद्यापीठाचं. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना घेता यायला लागली, आपल्याकडे तसं बिल २००८ ला राज्यसभेत आलं आणि कायदा झालाच नाही, पण तो धाक आमच्या टेम्प्लेटमधे पुरेपूर उतरलाय. आता चुना-कॉस्टिकच्या प्रमाणावर कोण पेटंट काढतंय? मालक मात्र घाबरले. "म्हणजे उद्या माझ्याच ईटीपीत वापरायला मला तुमची परमिशन?" रास्त शंका आहे. एक ओळ घालून घेतली की कंपनीला स्वतःच्या वापरासाठी कायम फुकट हक्क, तेव्हा सही झाली. ही ओळ तुम्ही पहिल्याच दिवशी मागा.

दुसरं जीएसटी. कंपनीने रोख दिली तर ती कन्सल्टन्सी की स्पॉन्सर्ड रिसर्च? कन्सल्टन्सी म्हटलं की १८ टक्के. सप्टेंबर २०२४ ला जीएसटी कौन्सिलने ग्रँटवरच्या संशोधनाला सूट दिली, पण खाजगी विद्यापीठाला ती मिळायला १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम ३५ खाली नोटिफाइड असावं लागतं, नुसता यूजीसीच्या मान्यतेचा कागद उपयोगाचा नाही. आपलं आहे की नाही हे अकाउंट्सला लेखी विचारा, तोंडी उत्तर रोज बदलतं. आम्ही सरळ इन काइंडवर गेलो.

आता चांगलं. टेस्टिंगचं हेड अफलातून आहे. एनएबीएलची मान्यता असलेल्या बाहेरच्या लॅबचं बिल थेट विद्यापीठ भरतं, आपल्या खिशातून आधी घालून मग मागे लागायचं नाही, आणि सॅम्पल न्यायला लॅबचाच माणूस येतो (क्रोमचं पाणी कॅनमधे घेऊन ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत चढायचं नसतं, एका ज्युनिअरने विचारलं होतं म्हणून लिहिलं). बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट असला की मालकाचा विश्वास बसतो, आमच्या कॉलेजच्या लॅबच्या आकड्यावर तेवढा बसत नाही, वाईट वाटून घेऊ नका. दुसरं म्हणजे सेलमधली कोऑर्डिनेटर. ती मुलगी फाईल कुठल्या टेबलावर आहे हे सांगते, आणि खरं सांगते. अर्धा स्टार तिचा.

पैसे दिवाळीनंतर आले आणि ३१ मार्चच्या आत संपवा म्हणे. फॅक्टरीत मार्च म्हणजे डिस्पॅचचा महिना, त्या दिवसांत ट्रायलसाठी टँक कोण देतो? नियम बनवणाऱ्यांनी एकदा मार्चमधे एमआयडीसीत चक्कर मारावी. मुदतवाढ मिळते, अर्ज फेब्रुवारीतच टाका.

मला विचाराल तर ३ लाखांतले दोन एका विद्यार्थ्यावर खर्च करू द्यावेत, जो कंपनीतच बसेल. ब्रिटनमधे हे १९७५ पासून चाललंय, तेव्हा टीचिंग कंपनी स्कीम म्हणायचे, २००३ पासून नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप. पदवीधर पोरगा किंवा पोरगी कंपनीत काम करते, प्राध्यापक मागे उभा, खर्च सरकार आणि कंपनी वाटून घेतात. आमच्या केसमधे खरं काम एमएस्सीच्या मुलीने केलं, तिने मामांबरोबर शिफ्टला उभं राहून त्यांना रीडिंग वहीत लिहायची सवय लावली. तिला यातून एक रुपया देता आला नाही, कारण मनुष्यबळाचं हेडच नाही. प्रवासाच्या १० हजारातून तिचं येणंजाणं काढलं.

गाळ कमी झाला का? झाला. किती ते सांगता येत नाही, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार आहे. मालकांनी पुढच्या टँकसाठी स्वतः फोन केला एवढं सांगते, आणि या वेळी फंड न मागता थेट कन्सल्टन्सीवर करू म्हणाले, १८ टक्के धरून.

पुढच्या कॉलला भरणार असाल तर लेटरहेडच्या पत्राचा ड्राफ्ट तुम्हीच करून न्या, चार ओळींचा, त्यात 'बांधील' हा शब्द नको, मालकाचा अकाउंटंट तिथेच अडतो. आणि इन काइंडचा तक्ता त्याच अकाउंटंटकडून भरून घ्या, टँकच्या तासाचा दर त्याला पाठ असतो. माझा दुसरा हप्ता अजून फायनान्समधे आहे, आला की इथेच अपडेट टाकते.