अथेन्सचे बायझंटाईन संग्रहालय : एका बडोदेकराचा अभिप्राय

अथेन्सला जाणारी आपली मंडळी अ‍ॅक्रोपोलिस पाहतात, प्लाकाच्या गल्ल्यांतून हिंडतात आणि बेटांकडे निघून जातात. वासिलिसिस सोफियास रस्त्यावरच्या बायझंटाईन (म्हणजे मध्ययुगातील पूर्व रोमन साम्राज्याच्या) आणि ख्रिस्ती संग्रहालयाचे नाव त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकले आहे. मूर्ती, पूजा आणि चित्रकला या तिन्हींत ज्याला गोडी आहे, त्याने एक अख्खी सकाळ या संग्रहालयासाठी राखून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९१४ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय १९३० पासून ‘व्हिला इलिसिया’ या एकोणिसाव्या शतकातील वाड्यात आहे. इव्हान्जेलिस्मोस हे मेट्रो स्थानक जवळ आहे. कायमस्वरूपी प्रदर्शनाची दालने मात्र अंगणाच्या पोटात, जमिनीखाली आहेत आणि एकेक टप्पा उतरत आपण शतकांमागून शतके ओलांडत जातो. सुरुवातीलाच पशुपक्ष्यांच्या घोळक्यात वीणेसारखे वाद्य वाजवणारा ग्रीक पुराणातला ऑर्फियस संगमरवरात कोरलेला दिसतो. जुन्या धर्मातला हा गायक नव्या धर्माच्या लोकांनी टाकून दिला नाही, त्याला आपलासा करून घेतला. नवा धर्म आला की जुने सगळे पुसले जाते, ही समजूत इथे पहिल्याच दालनात ढिली पडते.

खरी श्रीमंती आयकॉनची, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेल्या पूजेच्या प्रतिमांची. त्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) येथील कारागिरांनी चौदाव्या शतकात रंगवलेल्या देवदूत मायकेलच्या प्रतिमेसमोर मी बराच वेळ उभा होतो. फळीवर कापड चिकटवून त्यावर पांढऱ्या लेपाचे थर द्यायचे, ते घोटून गुळगुळीत करायचे, पार्श्वभूमीला सोन्याचा वर्ख लावायचा आणि मग अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी चित्र काढायचे, अशी ही पद्धत. चेहऱ्याची सुरुवात काळपट हिरवट थराने होते, त्यावर गेरूच्या छटा चढत जातात आणि अगदी शेवटी डोळ्यांखाली, नाकाच्या दांडीवर केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा येतात. जवळ गेल्यावर त्या रेघा वेगवेगळ्या दिसतात; दोन पावले मागे सरकले की त्यांचाच उजेड होतो. राजा रविवर्म्याच्या चित्रांवर ज्यांची नजर तयार झाली आहे, त्या आम्हा बडोदेकरांना इथे छायाप्रकाशाची ती सवय बाजूला ठेवावी लागते, कारण या चित्रांत प्रकाश बाहेरून पडत नाही, तो चेहऱ्यातूनच वर येतो.

उत्तर ग्रीसमधील कास्तोरियाचा तेराव्या शतकातला संत जॉर्ज तर लाकडात उठावाने कोरलेला आहे आणि त्याच फळीच्या पाठीवर दोन संत स्त्रिया रंगवलेल्या आहेत. असे दुहेरी फलक मिरवणुकीत नेत, त्यामुळे पालखीतल्या देवाप्रमाणे त्यांचे दर्शन पुढून-मागून दोन्हीकडून होई. ही वस्तू भिंतीवर टांगण्यासाठी जन्मलेली नाही, हे एकदा ध्यानात आले की इतर प्रतिमांकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. प्रतिमा पूजावी की मोडावी, यावर बायझंटाईन साम्राज्यात शतकाहून अधिक काळ भांडण चालले होते आणि ८४३ मध्ये पूजकांचा पक्ष कायमचा जिंकला. प्रतिमेला दिलेला मान तिच्यातून मूळ दैवताला पोहोचतो, हा त्यांचा युक्तिवाद सगुण-निर्गुणाची चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला परका वाटणार नाही.

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या आपल्या संग्रहालयातील अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींची मला इथे वारंवार आठवण झाली. तो ठेवा १९५१ मध्ये उजेडात आला. त्याच वर्षी ग्रीसच्या लेस्बोस बेटावर सातव्या शतकातील चांदीची भांडी, सोन्याचे दागिने आणि नाणी सापडली व ती आज अथेन्सच्या या संग्रहालयात आहेत. पूजेतून उठून काचेआड आलेल्या वस्तूंचे दालन कसे मांडावे, याचा धडा घेण्यासारखा आहे : मंद उजेड, दोन प्रतिमांमध्ये भरपूर मोकळी जागा आणि ती वस्तू कुठल्या देवळात, कशासाठी होती याची माहिती. ग्रीक निर्वासितांबरोबर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेल्या प्रतिमांपाशी ही माहिती विशेष महत्त्वाची ठरते, कारण १९२२-२३ मध्ये घरदार सोडताना लोकांनी काय उचलले, हे तिथे कळते.

अठराव्या शतकानंतरची दालने मला तितकीशी भावली नाहीत आणि तिथून मी लवकर पुढे सरकलो. वेळ थोडा असेल तर तो कॉन्स्टँटिनोपल आणि क्रीट येथील प्रतिमांसाठीच ठेवावा. शक्य असल्यास अ‍ॅक्रोपोलिस आधी पाहून यावे. तिथले पार्थेनॉन हे प्राचीन मंदिर पुढे कित्येक शतके मेरीमातेचे चर्च होते, हे सांगणारा संग्रहालयातला भाग ती वास्तू डोळ्यांखालून गेल्यानंतर फार चांगला समजतो.