शेवटचं तोंड बघावं की नको?

कोल्हापुरात सकाळी माणूस गेलं की माती बहुतेकदा त्याच दिवशी होते. त्या गडबडीत कुणीतरी म्हणतं, "तू नको बघू, तुला सोसायचं नाही," आणि बघायचं राहून जातं ते कायमचं. म्हणून दोन्ही बाजू आधीच विचारात घेतलेल्या बऱ्या.

बघितलं की मन मान्य करतं. फोनवरची बातमी कळते, पण पटत नाही. आत्या गेली तेव्हा मी तिचा हात हातात घेतला. नखांवर मेंदीचा रंग तसाच होता, पण बोटं ताठ आणि गार. तिला झोप लागली असेल ही समजूत तिथंच संपली. पायावर डोकं ठेवता येतं, तोंडात पाणी घालता येतं, राहिलेलं बोलता येतं. आपल्याकडं बऱ्याच घरांतल्या बायका आजही पंचगंगेच्या स्मशानभूमीत जात नाहीत. त्यांच्यासाठी दारातलं दर्शन हेच शेवटचं.

न बघणाऱ्याकडं हसता-बोलता चेहरा राहतो. दीर्घ दुखण्यात माणूस ओळखू येईनासं झालं असेल, तर ही बाजू खरंच जड आहे. पण न बघितलेलं मन स्वतःच रंगवतं, आणि ते बहुधा प्रत्यक्षाहून भयंकर असतं.

अपघात किंवा आत्महत्या असेल तर पेच मोठा. अशा मृत्यूंनंतर ८० नातेवाइकांशी बोलून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये अभ्यास मांडला. ज्यांनी स्वतः ठरवून बघितलं, त्यांच्यापैकी थोड्यांनाच पश्चात्ताप झाला. म्हणजे वजन आहे ते स्वतः ठरवण्याला. शवविच्छेदन झालंय म्हणूनही लगेच नको म्हणू नका. चेहऱ्यावर सहसा छेद घेत नाहीत, डोक्यावरचे टाके केसांत जातात, बाकीचे कापडाखाली. आधी घरातल्या एखाद्या खंबीर माणसानं बघून यावं आणि रंग, सूज, जखमा स्पष्ट सांगाव्यात. मग तुम्ही ठरवा. चेहरा नको वाटला तर नुसता हात किंवा पाय बघितला तरी चालतं.

माझं मत विचाराल तर, नैसर्गिक मृत्यू असेल तर बघाच. पुण्याहून लेक निघाली असेल तर शीतपेटी मागवून चार-पाच तास थांबा. "उशीर नको" म्हणणारे भावकीतले दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात, लेकीला मात्र ते शेवटचं दर्शन जन्मभर पुरतं. परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवणं तोकडं पडतं, तरी दाखवा.

पोरांना ढकलू नका, अडवूही नका. "आजोबांचं अंग गार लागेल, ते बोलणार नाहीत," एवढं आधी सांगा, हात धरून न्या, आणि नको म्हणालं तर तिथूनच परत आणा.