आंब्याच्या शेडमधली जॅमरूम: ताशी ३०० रुपये, आंब्याच्या हंगामात बंद

आधी निकाल सांगते. रत्नागिरीच्या आसपास राहून स्वतःची गाणी वाजवणारा बँड चालवायचा असेल, तर तालमीसाठी ही खोली घ्या. रेकॉर्डिंग करायचं असेल तर घेऊ नका. आणि एप्रिल-मेमध्ये फोनच करू नका. खोलीचे मालक अण्णा उचलणार नाहीत, उचललाच तर आंब्याच्या पेटीचा भाव सांगतील.

मी बेस गिटार वाजवते. आम्ही चौघं. ड्रमरची घरची हापूसची कलमं आहेत आणि शिमग्यात तो गावच्या पालखीपुढे खालुबाजात ढोल वाजवतो. गिटारवाला पुण्यातली आयटीची नोकरी सोडून घरी आलाय, ते त्याच्या वडलांनी अजून सगळ्या नातेवाइकांना सांगितलेलं नाही. गाणारी दहावीच्या शिकवण्या घेते. मी डी.फार्म. आहे आणि सकाळची पाळी एका मेडिकलमध्ये करते. रॉक बँड म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे काय येत असेल, त्यात 'ताई, बीपीची गोळी अर्धी पट्टी मिळेल का' हे बसत नाही, पण आमचं असंच आहे.

या खोलीच्या आधी आम्ही कुणाच्या माडीवर, कुणाच्या पडवीत, एकदा शाळेच्या हॉलमध्ये वाजवून बघितलं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

खोली हातखंब्याच्या अलीकडे, सड्यावर म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर आहे. मूळची आंब्याची पॅकिंग शेड. अण्णांनी तिचा एक कोपरा चिऱ्याची भिंत घालून वेगळा केला. आत साधारण अठरा बाय बारा फूट जागा. जांभा दगड जड, त्यामुळे आवाज बाहेर फारसा जात नाही, आणि आतून गिलावा केलेला नाही हे फार बरं झालं. खडबडीत चिऱ्यावर आवाज आपटून तसाच्या तसा परत येत नाही, जरा पसरतो. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा उद्योग अण्णांनी केलेला नाही, त्याबद्दल त्यांना वेगळे गुण. त्या ट्रेमध्ये वजनच नसतं, आवाज अडवायला वजन लागतं. ट्रेने फार तर झांजेचा चरचराट कमी होतो, बेसला ते कागदाइतकेही आडवे येत नाहीत.

बेसवाल्यांसाठी महत्त्वाची गोष्ट. या खोलीत जाड ई तारेवरचा दुसरा फ्रेट, म्हणजे एफ शार्प, वाजवला की खोली गरजते. बाकीचे सूर नीट, हा एकच सूर छातीवर बसतो. कारण सरळ आहे. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासची लाट बरोबर अडकते आणि तो सूर ४६ हर्ट्झचा. अँपचा (अँप्लिफायरचा) बेस कितीही खाली करा, फुगा तिथेच. आम्ही अण्णांना सांगितलं, तर ते शेडमधून आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या घेऊन आले, भाताचा पेंढा ठासून भरला आणि चारही कोपऱ्यांत छतापर्यंत रचल्या. गरजणं पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही, पण आता तो सूर नुसता मोठा लागतो, सगळ्यांना गिळत नाही. पावसात पेंढ्याला कुबट वास येतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी येऊन बघून जा.

सामान: पाच ढोलांचा ड्रमसेट, दोन गिटार अँप, एक बेस अँप, आठ चॅनलचा मिक्सर, दोन स्पीकर आणि शुअरचे एसएम५८ माइक. हा माइक १९६६ पासून तसाच निघतोय आणि कोकणात तोच का घ्यावा हे इथे एक पावसाळा काढल्यावर कळतं. तो डायनॅमिक आहे, त्याला वेगळी वीज द्यावी लागत नाही आणि दमट हवेचं त्याला फारसं काही वाटत नाही. भारीतला कंडेन्सर माइक जुलैत इथे आणलात तर तो कुरकुर करायला लागेल. फक्त जाळीच्या आतला स्पंज कधी धुतलाय कोण जाणे. आमची गाणारी स्वतःचा माइक घेऊन येते, तुम्हीही आणा.

झांजा ठीकठाक. ड्रमची कातडी बदलायला हवीत. बेस अँपचं एक बटण निघालंय, तिथे अण्णांनी टूथपेस्टचं झाकण बसवलंय. चालतं.

आता विजेबद्दल, कारण इथे अण्णा मोठ्या शहरांतल्या चकचकीत खोल्यांच्या पुढे आहेत. सड्यावर खाली कातळ, उन्हाळ्यात जमीन खडखडीत कोरडी, त्यामुळे अर्थिंग धड लागत नाही. अर्थिंग खराब असेल तर गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माइकला लागला, की ओठाला झिणझिण्या येतात. कधी झिणझिण्या, कधी चांगला झटका. आमच्या गिटारवाल्याने तो दुसऱ्या एका ठिकाणी खाल्लाय, तेव्हापासून तो कोरसला माइकपासून वीतभर लांब उभा राहतो. अण्णांनी शेडमागे खोल खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलंय, आणि शिमगा झाला की रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओततात. माइक, अँप, मिक्सर सगळं एकाच बोर्डवरून, एकाच अर्थिंगवर. दारापाशी टेस्टर टांगलेला असतो. आत गेल्यावर अण्णा स्वतः प्रत्येक अँपला तो लावून बघतात, मगच चावी हातात देतात. ताशी ३०० रुपयांतले १०० मी याचे धरते.

लाईट जाते, हे सांगायला नको. इन्व्हर्टर पंखा आणि ट्यूबपुरता. अँप बंद पडले की ड्रमर आणि गाणारी दोघंच वाजवतात आणि आम्ही दोघं टाळ्या देतो. लाईट गेल्याचा वेळ अण्णा बिलातून वजा करतात, मागावं लागत नाही.

पावसाचं मात्र काही करता येत नाही. वर पत्रा आहे. खाली प्लायचं दुसरं छत घातलंय, मध्ये पुन्हा पेंढा, तरी जून-जुलैत सर आली की गाण्यातला हळू भाग विसरायचा. आमच्या एका गाण्याची सुरुवात नुसत्या बेसवर आहे, ती आम्ही दसऱ्यानंतरच नीट बसवू शकलो. तारा गंजतात. बेसच्या तारांचा सेट घेताना हात कापतो, म्हणून जुन्या तारा काढून पाण्यात उकळायच्या, मळ सुटतो, काही दिवस पुन्हा झणकतात. मी हे आईच्या डाळीच्या पातेल्यात केलं होतं. ते पातेलं आता माझं आहे.

दराबद्दल. ताशी ३००. पण स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना २५०. हा नियम पाटीवर लिहिलेला नाही, अण्णा दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकतात आणि निघताना ठरवतात. गणपतीपुळ्याच्या रिसॉर्टसाठी आम्ही हिंदी गाण्यांची तालीम केली त्या दिवशी त्यांनी विचारलं, "हॉटेलची गाणी ना?" आणि तीनशेने पैसे घेतले.

असं का, ते एकदा चहावर कळलं. अण्णा तरुणपणी मुंबईला छापखान्यात होते. १९८६ मध्ये मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉक बँडचं संमेलन सुरू झालं, धोबीतलावच्या रंगभवनात पुढे ते वर्षानुवर्षं पंधरा ऑगस्टच्या आसपास व्हायचं. अण्णा छापखान्याच्या सुट्टीत तिथे जाऊन उभे राहायचे. रॉक मशीन हा तेव्हाचा मोठा बँड, १९९३ मध्ये त्यांनीच इंडस क्रीड असं नाव घेतलं. "दुसऱ्याची गाणी सगळेच वाजवीत," अण्णा म्हणाले, "यांनी आपली वाजवायला घेतली तेव्हा मागची पोरं ओरडायची, ती ओळखीची वाजवा. त्यांनी नाही वाजवली." मग कपबशी उचलून ते मोटार बघायला गेले. यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही, मीही खोदलं नाही.

हिशेब लिहिते, कारण नवीन पोरं मला हाच प्रश्न विचारतात. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, अडीचशेने: आठवड्याला हजार. महिन्याला चार हजार, डोई हजार. आईने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन वाजवता? मग मिळतात कधी?" बरोबर आहे तिचं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रिसॉर्टवाले जे देतात त्यातून पावसाळ्याचं भाडं निघतं. मुंबईला कार्यक्रम मिळाला तर रात्रीची गाडी, बर्थखाली गिटार, उशाशी पेडलची बॅग, आणि मानधनातून चौघांची तिकिटं वजा जाता वडापावचे उरतात. ऑनलाइन गाणं टाकून काही येईल या भरवशावर राहू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच निघत नाहीत. आमची दोन गाणी हजाराच्या वर आहेत, बाकीची आमच्या मावश्यांवर अवलंबून.

मग हे कशाला? मला हल्ली या प्रश्नाचा राग येत नाही. माझा मामा कुडाळकडे एका दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवायचा. तुळशीचं लग्न झालं की बाहेर पडायचा तो पावसाच्या तोंडावर घरी. रात्रभर या जत्रेत, दुसऱ्या रात्री त्या जत्रेत, दिवसा टेम्पोत झोप. त्याला कधी कुणी 'सेटल कधी होणार' विचारलं नाही. मी लहानपणी समजायचे की लोकांना कलेची कदर होती. कदर होतीच, पण मामाचे भाताचे दोन कुणगे होते आणि पावसात तो नांगर धरायचा, हे जास्त खरं. कोकणात वाजवणारा माणूस कधीच नुसता वाजवणारा नव्हता. आमची फार्मसी, शिकवणी, आंबा हे सगळं म्हणजे मामाचे कुणगे आहेत. मुंबईत वन रूम किचनचं भाडं भरत बँड चालवणारी आमची ओळखीची मुलं कार्यक्रम जास्त करतात, पण महिन्यातून एकदा तालीम झाली तर त्यांची चैन असते. आम्ही आठवड्यातून दोनदा वाजवतो. यात माझ्या लेखी आम्ही पुढे आहोत. गिटारवाला याच्याशी सहमत नाही. त्याचं म्हणणं, ऐकायला माणसंच नसतील तर तालीम कुणासाठी. हे भांडण आमचं चालू आहे, ते खोलीच्या भाड्याच्या वेळेत करू नये असा ठराव तेवढा झालाय.

खोलीमुळे एक झालं. आईला आता माझ्या बँडची वेळ पाठ आहे. 'मंगळवारी तिचं असतं' असं ती पाहुण्यांना सांगते, ज्या सुरात ती शेजारच्या काकांच्या डायलिसिसचा वार सांगते. पण सांगते.

काही बारीकसारीक. वेळ दुपारी तीन ते रात्री दहा. दहाला अण्णा मेन स्विचपाशी येऊन उभे राहतात. खोली बंदिस्त आहे, लाऊडस्पीकरचा रात्री दहाचा नियम मोकळ्या जागेसाठी असतो, वगैरे वाद घालू नका. खालच्या वाडीत लोक पहाटे चारला बागेत जायला उठतात. मुलींसाठी: बाथरूम शेडच्या पलीकडच्या बाजूला आहे, दिवा आहे, कडी आतून लागते. रात्री निघताना अण्णांची सून हायवेपर्यंत स्कूटर घेऊन मागे येते, हे तिनेच सुरू केलं. गणपतीत खोली मिळणं कठीण, कारण मुंबईहून आलेली चाकरमान्यांची पोरं आरत्यांच्या मधल्या वेळेत येऊन धुमाकूळ घालतात आणि अण्णा त्यांच्याकडून पूर्ण तीनशे घेतात. मार्चच्या मध्यापासूनच आंबा यायला लागला की ड्रमसेटवर ताडपत्री पडते आणि मेअखेरपर्यंत खोलीत आंबा पिकायला घातलेली आढी असते. त्या दोन-अडीच महिन्यांची दुसरी सोय आत्ताच बघून ठेवा. आम्ही ड्रमरच्या बागेतल्या खोपटात ड्रमशिवाय बसतो, कारण ड्रमर झाडावर असतो.

आगाऊ पैसे लागत नाहीत. ऑनलाइन बुकिंग नाही, अण्णांची वही आहे, आणि वहीत नाव चढल्याशिवाय शब्द धरू नका. सध्या मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ आमची. शनिवारी एक भजनी मंडळ डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याची, तालीम करतं, ते साडेसातला निघतात, त्यापुढे रिकामं आहे. कुणाला हवं असेल तर लवकर कळवा. तुळशीच्या लग्नानंतर दर ३५० होणार आहे. आपल्या गाण्यांचा किती, ते अण्णांनी अजून सांगितलेलं नाही.