पुस्तकाचं पान, लिंबाचं पान

नात सव्वादोन वर्षांची असताना तिच्यासाठी एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ आणलं. १९६९ सालचं हे चित्रपुस्तक, एका खादाड सुरवंटाचं. तो दर वारी काहीतरी खातो आणि त्यानं खाल्लं तिथं पानाला खरंखुरं भोक आहे. पहिल्या दिवशी तिनं गोष्ट ऐकलीच नाही. सोमवारच्या सफरचंदाला पडलेल्या भोकात करंगळी घातली, ती मागच्या बाजूनं बाहेर आलेली पाहिली आणि खुदकन हसली. मग मंगळवारच्या दोन नाशपाती, बुधवारचे तीन आलुबुखार, असं करत शुक्रवारच्या पाच संत्र्यांपर्यंत बोट फिरलं. दर वाराचं पान आधीच्यापेक्षा थोडं रुंद आहे, त्यामुळे पुढच्या पानाची कड आधीच दिसते आणि मूल स्वतःच उलटवतं. पाचपर्यंतचे आकडे ती या भोकांवरच शिकली.

मजकूर इंग्रजी आहे. मी मराठीतच सांगते. अळी म्हणावं की सुरवंट, यावर दोन दिवस विचार केला. पाठीवर तुरळक केस काढलेत, म्हणून सुरवंट. कार्ल टिश्यू पेपर आधी रंगवून घ्यायचे आणि मग कापून चिकटवायचे. त्यामुळे अंगावरचा हिरवा एकसारखा नाही. कुठे गडद, कुठे पिवळसर, ब्रशचे फटकारे तसेच राहिलेले. चकचकीत गुळगुळीत चित्रांपेक्षा हा हिरवा मला कितीतरी जिवंत वाटतो.

नंतर कुंडीतल्या लिंबावर खऱ्या अळ्या आल्या. पहिले काही दिवस पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, काळपट-पांढऱ्या. मग एके दिवशी कात टाकून हिरव्यागार झाल्या. नात पान हातात धरून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “आजी, भोक कुठंय?” भोक नव्हतंच. अळी पानाच्या कडेवर पाय रोवून, डोकं वरून खाली नेत कड कुरतडत होती. वरून खाली, पुन्हा वरून खाली. पान कडेनं आत आत सरकत गेलं. मी हलकेच काडी लावली तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. नात दोन पावलं मागे सरली, मग परत जवळ आली.

पुस्तकातलं खाणं असं का, तर कार्ल यांना आधी भोकं सुचली होती. कागदांच्या गठ्ठ्याला पंचनं भोकं पाडताना पुस्तक पोखरणारा किडा त्यांच्या मनात आला. त्याचा सुरवंट झाला तो संपादिकेच्या सूचनेनं. त्यामुळे हा प्राणी निसर्गातून आलेला नाही, कागदातून आला आहे, हे घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं. शनिवारी तो केक, आईस्क्रीम, सॉसेज सगळं खातो. मुलांना ते पान फार आवडतं. मी भराभर पुढे जाते. लिंबावरच्या अळ्यांना लिंबाच्या कुळातलीच पानं लागतात, आणि पुस्तकात याच्या सगळ्यात जवळ जातं ते रविवारचं पान: पोट दुखल्यावर खाल्लेलं एक हिरवं पान. तिथं मी थांबते.

कोशाबद्दल माझी खरी तक्रार आहे. इंग्रजीत त्यांनी जो ‘ककून’ शब्द वापरलाय तो पतंगाच्या रेशमी वेष्टनाचा. मराठीत पतंगाचा काय नि फुलपाखराचा काय, दोन्हीला कोशच म्हणतात, त्यामुळे वाचताना ते खटकत नाही. पण हा प्राणी कोशाला कुरतडून भोक पाडतो आणि बाहेर येतो, ते मात्र चूक आहे. फुलपाखराला कुरतडायला जबडेच नसतात, सोंड असते. आमच्या लिंबाच्या काडीवरचा कोश नवव्या दिवशी सकाळी रिकामा सापडला, डोक्याच्या बाजूनं उसवल्यासारखा फाटलेला. नातीनं तिथंही भोक शोधलं. मी तिला ती चीर दाखवली.

तरीही हे पुस्तक घ्याच, दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचंच घ्या. साध्या कागदाची भोकं बोटांनी फाटतात. आणि घेतल्यावर एखादं कुरतडलेलं पान दाखवल्याशिवाय राहू नका.

हल्ली ती पुस्तक घेऊन कुंडीपाशीच बसते. रविवारचं पान आलं की पुस्तक मांडीवर उघडं ठेवते, लिंबाची फांदी वाकवून पानाखाली बघते आणि विचारते, “आज कोणी खाल्लं?”